तान्ह्याचे पोहणे : वर्ग निवडताना

तान्ह्या बाळाचा पोहण्याचा वर्ग म्हणजे साधारण सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलाला आईने किंवा बाबांनी हातात धरून, कोमट पाण्यात, शिक्षकाच्या देखरेखीखाली अर्धा तास खेळवणे. त्याला पोहण्याचा वर्ग म्हणतात ते सवयीने. स्वतःच्या बळावर तरंगत राहणे, श्वास घेणे आणि काठ गाठणे या अर्थाचे पोहणे या वयात येत नाही. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे अशा देशांत हे वर्ग कित्येक दशके चालू आहेत. मुंबई, पुणे, बंगळूरु अशा शहरांतही तापवलेल्या पाण्याच्या छोट्या तलावांत ते भरू लागले आहेत. जाहिरातींत मात्र दोन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. एक, बाळाची पाण्याशी ओळख. दुसरी, बाळ चुकून पाण्यात पडले तरी स्वतःला वाचवेल, अशी हमी. पहिली गोष्ट मिळू शकते. दुसरी तान्ह्या वयात कोणीही देऊ शकत नाही. हा फरक ओळखला की वर्ग निवडण्याचे निम्मे काम झाले.

बाळाला जन्मतः पोहता येते, पुढे ते विसरते, असा एक समज जगभर आहे. तो अर्धाच खरा. न्यूयॉर्कमध्ये बालविकासाचा अभ्यास करणाऱ्या मर्टल मॅकग्रॉ यांनी ४२ बालकांच्या पाण्यातील हालचालींच्या ४४५ नोंदी केल्या आणि त्यावरचा लेख १९३९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातले सर्वांत लहान बाळ ११ दिवसांचे होते, सर्वांत मोठे अडीच वर्षांचे. पहिल्या काही महिन्यांत पालथे धरलेले बाळ पाण्यात हातपाय एका तालात हलवते, थोडे पुढेही सरकते आणि तोंड पाण्याखाली असताना श्वास रोखून धरते. चौथ्या महिन्याच्या सुमारास हा ताल मोडतो. बाळ धडपडू लागते, उताणे वळू पाहते, हाताला लागेल ते घट्ट धरते, पाणी गिळते, ठसकते. ठरवून हातपाय मारणे त्यानंतर बऱ्याच काळाने, मूल पायांवर उभे राहून चालू लागले की दिसते. म्हणजे ज्याला जन्मजात पोहणे म्हणतात ती एक प्रतिक्षिप्त क्रिया आहे. गालाला बोट लागताच बाळ दूध शोधत तोंड वळवते, तशी. चेहऱ्यावर पाणी आले की श्वासनलिकेचे तोंड मिटते आणि हृदयाचे ठोके मंदावतात, हीही तशीच एक क्रिया, आणि तीही पहिल्या वर्षाच्या आसपास ओसरत जाते. शिवाय श्वास रोखला म्हणून पाणी पोटात जायचे थांबत नाही. मुख्य अडचण वेगळीच आहे. श्वास घ्यायला डोके पाण्याबाहेर उचलावे लागते, आणि बाळाच्या अंगाच्या मानाने डोके फार जड असते. १९९१ मधल्या 'नेव्हरमाइंड' या गाण्यांच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर पाण्याखाली डोळे उघडे ठेवून तरंगणारे बाळ सगळ्यांनी पाहिलेले असते. ते छायाचित्र एका क्षणाचे आहे. पुढच्या क्षणी कोणीतरी त्या बाळाला वर उचललेले असते.

सुरुवात कोणत्या वयात करावी, याविषयी डॉक्टरांचे मत गेल्या पंचवीस वर्षांत बदलत गेले आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, २००० साली सांगत होती की चौथ्या वाढदिवसापर्यंत मूल पोहण्याच्या रीतसर शिकवणीसाठी तयार नसते. लवकर शिकवले तर मुलाची भीड चेपते आणि आईबाप निर्धास्त होतात, अशीही एक धास्ती त्या काळी बोलून दाखवली जात होती. २००९ मध्ये अमेरिकेतलाच एक अभ्यास आला. बुडून दगावलेल्या १ ते ४ वर्षांच्या मुलांपैकी केवळ ३ टक्के मुलांनी पोहण्याची शिकवणी घेतली होती, तर त्याच वयाच्या इतर मुलांमध्ये हे प्रमाण २६ टक्के होते. त्यावरून शिकवणीमुळे धोका ८८ टक्क्यांनी घटतो असा आकडा निघाला आणि तो जाहिरातींत जाऊन बसला. अभ्यासातली मुले थोडी होती. खरा आकडा ३ टक्क्यांपासून ९९ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकेल, असे संख्याशास्त्राच्या हिशेबाने त्याच निबंधात दिले होते, ते मात्र जाहिरातीत येत नाही. शिवाय तो अभ्यास वर्षाच्या पुढच्या मुलांचा होता, तान्ह्यांचा नव्हता. संघटनेने २०१० मध्ये आपली भूमिका सैल केली आणि २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले: पहिल्या वाढदिवसानंतर शिकवणी सुरू करायला हरकत नाही, बचावाच्या अनेक उपायांपैकी तो एक उपाय आहे, मात्र वर्षाखालील बाळांच्या वर्गांमुळे बुडण्याचा धोका कमी होतो याला पुरावा नाही.

याचा अर्थ सहा-आठ महिन्यांच्या बाळाला पाण्यात नेऊच नये, असा नाही. आनंदासाठी खुशाल न्यावे. नॉर्वेमध्ये लहानपणी अशा वर्गांना गेलेली १९ मुले आणि न गेलेली १९ मुले चार-पाच वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा पहिल्या गटाचा तोल आणि वस्तू पकडण्याची हातोटी सरस दिसली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास इतका छोटा आहे की त्यावरून फार मोठे बोलू नये. खरा फायदा बहुधा आईबाबांचाच होतो. ओल्या, निसरड्या बाळाला पाण्यात कसे धरायचे, त्याचा कोणता आवाज मजेचा आणि कोणता घाबरल्याचा, हे त्यांना कळू लागते.

महाराष्ट्रातल्या घरांत ही ओळख न्हाणीघरातच होत आली आहे. बाळंतिणीकडे येणारी बाई पाटावर पाय लांब करून बसते, बाळाला पोटऱ्यांवर पालथे घेते आणि पाठीवर पाण्याची धार सोडते. तिला थर्मामीटर लागत नाही. पाण्यात कोपर बुडवले की झाले. बाळाचे अंग आधी आक्रसते आणि मग सैल पडते. ते सैल पडणे तिच्या पायांना कळते, आणि तोवर ती बाळाच्या डोक्यावर पाणी घालत नाही. चांगल्या वर्गातला शिक्षक हेच पाहत असतो.

वर्गाची चौकशी करताना पहिला प्रश्न पाण्याच्या तापमानाचा. 'पाणी गरम असते का' असे विचारले तर उत्तर 'हो' असेच येते. किती अंश, हे विचारावे आणि मोजायचे साधन पाण्यात टाकलेले दिसते का ते पाहावे. सहा महिन्यांखालील बाळासाठी पाणी ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास असावे, असे ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सांगते. थोड्या मोठ्या बाळांनाही ३० अंशांखालचे पाणी गारच. पोहण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे पाणी २५ ते २८ अंशांचे असते. मोठ्या माणसाला हा चार-पाच अंशांचा फरक किरकोळ वाटेल. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेते, आणि बाळाच्या वजनाच्या मानाने त्याची कातडी फार मोठी, अंगावर चरबी थोडी, कुडकुडून ऊब निर्माण करण्याची ताकद त्याहून थोडी. म्हणून बाळ काकडले की मोठ्या मुलासारखे दात वाजवत नाही. ते गप्प होते. मघापर्यंत पाण्यावर थापट्या मारणारे बाळ एकाएकी शांत होऊन खांद्याला चिकटले, ओठांभोवती निळसर झाले, मांड्यांवर जाळीसारखे डाग उठले, तर वर्ग संपायला किती मिनिटे उरली ते पाहत बसू नये. पहिल्या दिवशी दहा मिनिटे पुष्कळ होतात. पुढे वाढवत अर्ध्या तासापर्यंत. 'पैसे पाऊण तासाचे भरले आहेत' हे कारण बाळाला लागू नाही.

पाणी स्वच्छ आहे का, हे नाकाने ठरवू नये. तलावाजवळ जाताच क्लोरीनचा भपकारा आला की पाणी चांगले औषध घातलेले आहे, असे लोक समजतात. तो वास क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन बनणाऱ्या क्लोरामाइनचा असतो. वास जितका उग्र, तितके पाणी वापरून शिळे झालेले. तलावाच्या नोंदवहीत दिवसातून काही वेळा दोन आकडे लिहिलेले असावेत: मोकळे क्लोरीन, जे दर लिटरला १ ते ३ मिलिग्रॅमच्या दरम्यान ठेवतात, आणि आम्लता दाखवणारा पीएच, जो ७.२ ते ७.८ असावा. तपासणीची प्लॅस्टिकची छोटी पेटी स्वस्तात मिळते. एका नळीत थेंब टाकले की पाणी पिवळे होते, दुसऱ्या नळीत गुलाबी, आणि शेजारच्या रंगपट्टीशी ते जुळवायचे असते. ही पेटी मागितल्यावर कर्मचाऱ्याने ती लगेच काढून दाखवली, तर ती रोज वापरात असते असे समजायला हरकत नाही. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे याचा शोध सुरू झाला, तर उत्तर मिळालेच. भारतीय मानक संस्थेचे तलावाच्या पाण्याविषयीचे मानक आहे, आय.एस. ३३२८ या क्रमांकाचे. व्यवस्थापकाला ते ठाऊक असावे, एवढी अपेक्षा रास्त आहे. साधी परीक्षा म्हणजे काठावर उभे राहून सर्वांत खोल भागाचा तळ पाहावा. तिथली जाळी स्पष्ट दिसली पाहिजे.

त्या जाळीकडे आणखी एका कारणाने लक्ष द्यावे. तळाच्या जाळीतून पंप पाणी ओढतो. झाकण तुटलेले किंवा सपाट जुन्या घडणीचे असेल तर त्या ओढीने मुलाचे अंग किंवा केस तिथे अडकतात. अमेरिकेत २००२ मध्ये सात वर्षांची ग्रेम बेकर गरम पाण्याच्या टाकीत अशीच अडकून दगावली. ती माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची नात. त्यानंतर कुटुंबाने पाठपुरावा केला आणि २००७ मध्ये तिच्या नावाने जाळ्यांच्या सुरक्षेचा कायदा झाला. तिला पोहता येत होते.

क्लोरीन सगळे जंतू मारते असेही नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाब करणारा परजीवी नेहमीच्या क्लोरीनच्या पाण्यात आठवडाभरही तग धरतो. म्हणून जुलाब झालेल्या मुलाला ते थांबल्यानंतर निदान दोन दिवस, आणि हा परजीवी निघाला असेल तर दोन आठवडे, पाण्यात नेऊ नये. हा नियम वर्गाने स्वतःहून सांगायला हवा. पोहण्याचे डायपर कंबरेला आणि मांड्यांना घट्ट बसणारे असते. ते शी काही मिनिटे अडवून धरते, लघवी अजिबात अडवत नाही. साधे डायपर पाणी पिऊन फुगते आणि बाळाला खाली ओढते, त्यामुळे ते नकोच. डायपर तलावाच्या काठावर न बदलता दूर बदलायची सोय आहे का, आणि पाण्यात शी झाली तर वर्ग काय करतो, हे प्रश्न विचारताना संकोच वाटतो खरा. विचारावेत.

बंदिस्त तलावात हवेचाही प्रश्न येतो. क्लोरामाइनची वाफ पाण्याच्या पृष्ठभागालगत साचते आणि बाळाचे नाक तिथेच असते. तान्हेपणी अशा तलावात जाणाऱ्या मुलांना पुढे दम्याचा व छातीचा त्रास जास्त होतो का, अशी शंका २००७ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी व्यक्त केली. पुढे २०११ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे ५,७०० मुलांच्या पाहणीत तसे आढळले नाही. हवा खेळती असावी, डोळे चुरचुरले तर बाहेर पडावे, एवढी खबरदारी पुरे.

शिक्षक कोण, हा प्रश्न मोठा. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा अभ्यासक्रम केलेले किंवा स्वतः स्पर्धा गाजवलेले प्रशिक्षक आपल्याकडे आहेत. पण शर्यतीचे जलतरणपटू घडवणे आणि नऊ महिन्यांच्या बाळाचा चेहरा वाचणे ही दोन वेगळी कामे आहेत. पदकांची भिंत पाहून दिपून जाऊ नये. तान्ह्यांना शिकवण्याचे वेगळे प्रशिक्षण कुठे घेतले, किती बाळांबरोबर काम केले, हे विचारावे. ब्रिटनमध्ये चार वर्षांखालील मुलांच्या पोहण्याच्या वर्गांसाठी तिथल्या मानक संस्थेने २०१५ मध्ये 'पास ५२०' नावाची स्वतंत्र आचारसंहिताच काढली. इथे ही तपासणी पालकालाच करावी लागते. शिक्षक पाण्यात असतो, त्याची नजर एका बाळावर असते, म्हणून काठावर दुसरा माणूस, जीवरक्षक, असलाच पाहिजे, आणि त्याच्या हातात मोबाइल नसावा. जीवरक्षकाचे प्रशिक्षण कोणाकडून झाले तेही विचारावे. पुण्यात मुख्यालय असलेली राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी ते देते.

शिक्षक आणि जीवरक्षक, दोघांनाही बाळाला कृत्रिम श्वास देता यायला हवा. मोठ्या माणसाची पद्धत बाळाला चालत नाही. बाळाचे नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडाने झाकून हलकी फुंकर घालायची, इतकीच की छाती वर आलेली दिसावी. छाती दाबायची ती साधारण ४ सेंटिमीटर, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ३० दाबांमागे दोन श्वास. बुडालेल्याला हवा मिळालेली नसते, म्हणून त्याच्या बाबतीत सुरुवात श्वासाने करतात. हे वाचून येत नाही, बाहुलीवर हात बसवावा लागतो, आणि तो हात आईबाबांनीही बसवून घ्यावा. पालकांना एक दिवस हे शिकवणारा वर्ग मिळाला, तर दोन पैसे जास्त देऊनही तोच घ्यावा.

इथवरच्या गोष्टी तलावाच्या झाल्या. वर्गाचा खरा कस शिकवण्याच्या पद्धतीत लागतो, आणि तो कागदपत्रांवरून कळत नाही. नाव घालण्याआधी एक पूर्ण तास काठावर बसून पाहू द्यावा, अशी विनंती करावी. नकार आला तर दुसरे ठिकाण शोधावे.

चांगला वर्ग दिसायला अगदी साधा असतो. सात-आठ बाळे, तितकीच मोठी माणसे, छातीइतके पाणी. पहिली पाच मिनिटे कोणी काहीच शिकवत नाही. बाळ कडेवर, पाणी त्याच्या कंबरेपर्यंत, आई फक्त पाण्यात चालते आहे. मग बडबडगीत सुरू होते आणि त्या ठेक्यावर बाळे वरखाली होतात. बगलांखाली हात घालून समोर धरणे, मग पाठीवर घेऊन डोके खांद्यावर टेकवणे, कान पाण्यात गेल्यावर बाळाचे डोळे मोठे होतात, आई वरून त्याच्याशी बोलत राहते. रबरी बदक पुढे सोडतात, बाळ हात लांबवते, पाय आपोआप हलतात. शेवटी काठावर बसवून, 'एक, दोन, तीन' म्हणून, हातात धरूनच पाण्यात घेतात आणि लगेच वळवून त्याचे हात काठावर टेकवतात. पाण्यात आलो की वळायचे आणि काठ धरायचा, हा एवढा धडा पुढे खरोखर उपयोगी पडू शकतो. एखादे बाळ रडायला लागले तर शिक्षक त्याच्या आईला कडेला जायला सांगतो, कोणी काही म्हणत नाही, गाणे चालू राहते.

वाईट वर्गात बाळांचा आवाज वेगळा असतो. तिथे बाळ आईकडून काढून घेतले जाते, 'तुम्ही असलात की ते रडते, बाहेर बसा' असे सांगितले जाते, आणि ते रडत असतानाच पाण्याखाली नेले जाते. रडणारे बाळ श्वास घेत असते. नेमक्या त्या क्षणी तोंड पाण्याखाली गेले तर पाणी कुठे जाणार हे उघड आहे. बाळाला पाण्याखाली न्यायलाच हवे असे मुळात काही नाही. नेणारे चांगले शिक्षक आधी काही आठवडे एखाद्या शब्दाचा इशारा देऊन चेहऱ्यावर थोडे पाणी ओततात; त्या शब्दाला बाळ डोळे मिटून तयार होऊ लागले, तरच एखादी बुडी, क्षणभराची, आणि पुन्हा नाही. वारंवार बुड्या देण्यात एक न दिसणारा धोका आहे. बाळ प्रत्येक वेळी थोडे पाणी गिळते. त्याची मूत्रपिंडे जादा पाणी झपाट्याने बाहेर टाकू शकत नाहीत, रक्तातले सोडियम उतरते, मेंदूला सूज येते. वर्गाहून परतल्यावर काही तासांनी बाळ चिडचिडे, मग सुस्त होते, उलट्या होतात, झटके येतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पोहण्याच्या वर्गानंतर असे झालेल्या बाळांची हकिकत वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवली, आणि तेव्हापासून बुड्या मोजून द्याव्यात असे सांगितले जाते.

या संदर्भात एका पद्धतीचा उल्लेख करायला हवा, कारण तिच्या चित्रफिती मोबाइलवर फिरत असतात. कपडे घातलेले बाळ तलावात पडते, गर्रकन उताणे होते आणि तरंगत राहते. ही 'इन्फंट स्विमिंग रिसोर्स' या संस्थेची पद्धत. हार्वे बार्नेट यांनी १९६६ मध्ये फ्लोरिडात सुरू केलेली. सहा महिन्यांपासून पुढच्या बाळांना एकेकट्याने, आठवड्यातून पाच दिवस, रोज दहा मिनिटे शिकवतात. पाठीवर वळून तरंगणे बाळांना शिकवता येते, यात शंका नाही. शांत, उबदार, ओळखीच्या पाण्यात, शिक्षक हाताच्या अंतरावर असताना केलेली गोष्ट ते बाळ गार पाण्याच्या हौदात, घाबरलेले असताना करेलच, हे मात्र कोणी सिद्ध केलेले नाही. आणि ती चित्रफीत पाहून हौशी शिक्षकाने तेच करून पाहणे हा तर धोकाच आहे.

खेळण्यांच्या दुकानात मिळणारी साधने आणखी फसवी. गळ्याभोवती अडकवायची हवेची कडी समाजमाध्यमांवर फार गोंडस दिसते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०२२ मध्ये अशा कड्यांविरुद्ध इशारा दिला; त्यातून एक बाळ दगावले होते आणि एकाला रुग्णालयात दाखल करावे लागले होते. कडीतली हवा कमी झाली की हनुवटी आतून निसटते. दंडावरच्या फुगवायच्या पट्ट्या, पाय घालून बसायची ट्यूब हीसुद्धा खेळणीच; ट्यूब उलटली की बाळाचे डोके खाली आणि पाय वर अडकतात. गावाकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधायचे, ते अंगाशी घट्ट असे आणि वर दोरी धरून बाप किंवा काका उभा असे. तेही मूल धावते, पळते झाल्यावर. कोणतेही तरंगते साधन आईच्या हाताच्या जागी वापरणारा वर्ग तान्ह्यांसाठी नाही.

बाळाच्या प्रकृतीविषयी फार अवघड असे काही नाही. लशी पूर्ण होईपर्यंत थांबायलाच हवे असे ब्रिटनची आरोग्य सेवा मानत नाही. तरी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस होऊन मान धरल्यावर जाणे बहुतेकांना सोयीचे पडते. वेळेआधी जन्मलेले बाळ, हृदयाचा दोष, झटक्यांचा इतिहास, कानात बसवलेली नळी असे काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. ताप, कान दुखणे, अंगावर उघडी जखम असताना जाऊ नये. दूध पाजल्यावर थोडा वेळ जाऊ द्यावा. उपाशी किंवा झोपेला आलेले बाळही पाण्यात रमत नाही. उघडा तलाव असेल तर सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर. वर्गात नाकातोंडात पाणी गेले आणि त्यानंतर खोकला थांबेना, श्वास भरभर होऊ लागला, बाळ वेळ नसताना पेंगू लागले, तर घरी न नेता थेट रुग्णालयात न्यावे.

महानगरपालिकांचे तलाव या कामाचे नाहीत. मुंबईत शिवाजी पार्कजवळचा महात्मा गांधी जलतरण तलाव असो किंवा दुसऱ्या शहरातला एखादा, ते मोठ्यांच्या व्यायामासाठी आणि शालेय वयाच्या मुलांच्या शिकवणीसाठी बांधले गेले. डिसेंबर-जानेवारीत पुणे-नाशिककडच्या उघड्या तलावाचे पाणी मोठ्यांनाही हुडहुडी भरवते. चांगला तापवलेला तलाव जवळपास नसेल, तर बाळाला घरच्या टबात खेळवावे आणि शिकवणी चार-पाच वर्षांची झाल्यावर सुरू करावी. त्यात काही हुकत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही पोहण्याची शिकवणी सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी सुचवते; त्याहून लहानांसाठी तिचा भर पाण्याभोवती अडसर घालण्यावर आणि मुलांवर नजर ठेवण्याच्या सोयीवर आहे. बांगलादेशात वाडीवस्तीवर 'आँचल' नावाची बालसंगोपन केंद्रे काढली, ती सकाळच्या वेळी, कारण आया कामात असतात आणि मुले बहुतेक तेव्हाच तळ्यात पडतात. पोहणे न शिकवता नुसत्या राखणीने मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले.

२०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली, त्यांतला जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुले. तान्ह्यांच्या बाबतीत ते पाणी बहुतेकदा तलावाचे नसते. नुकते उभे राहू लागलेले मूल भरलेल्या बादलीच्या काठाला धरते, आत वाकते, आणि जड डोक्यामुळे तोल आत जातो. रिकामी प्लॅस्टिकची बादली त्याच्या वजनाने कलंडली असती. भरलेली कलंडत नाही. आवाज होत नाही, शेजारच्या खोलीत कुकरची शिट्टी ऐकू येते आणि हे ऐकू येत नाही. आठवड्यातून दोनच दिवस पाणी येणाऱ्या घरांत तर अशा बादल्या, पिंपे, हौद भरलेलेच असतात. म्हणून वर्गाचे पैसे भरायच्या दिवशी आणखी एक काम उरकावे: बादल्या वापरून झाल्या की पालथ्या घालायच्या, पिंपावर वजनदार झाकण ठेवायचे, आणि न्हाणीघराच्या दाराला बाहेरून, मुलाच्या हाताला लागणार नाही इतकी वर, कडी बसवून घ्यायची.